सिनॅप्सचा तास आणि माझ्या पापण्या

तुमच्या शोकसभेत माझे डोळे मिटले होते, ते दुःखानं नव्हे. संध्याकाळची गोळी घ्यायची राहिली होती. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर पहिल्या रांगेत मला बसवलं, भाषणं लांबत गेली आणि आधी डावी पापणी उतरली, मग उजवी. मागून एक बाई म्हणाली, "डोळ्यांत टिपूस नाही हो हिच्या. खुशाल डुलक्या काढतेय." दुसरी म्हणाली, "जाऊ दे गं, जागरणं झाली असतील." दोघींना माझा आजार माहीत आहे. तुमच्या कृपेनं अख्ख्या डोंबिवलीला माहीत आहे. पण वर्गात शिकलेली गोष्ट समोरच्या खुर्चीवर बसली की माणसं ती ओळखत नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

मग तुमचा तो लाडका विद्यार्थी उठला. आता कल्याणात त्याचा दवाखाना आहे. माईक ठोकून म्हणाला, "सरांच्या मिसेसचा आजार भल्याभल्या डॉक्टरांना कळत नव्हता. सर आम्हाला सिनॅप्स शिकवत होते. शिकवता शिकवता थांबले, खडू हातात तसाच, आणि तडक घरी गेले. सरांनी फळ्यावर निदान केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही तुम्ही त्यांना शिकवलं नाहीत.

मला तिथे उठून बोलायचं होतं. पण त्या वेळेला माझा आवाज नाकातून येतो आणि दोन-चार वाक्यांत विरून जातो. म्हणून आज लिहिते आहे. सकाळ आहे, गोळी घेतली आहे, हात चालतो आहे. तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, ही सोय आपल्या संसारात मला पहिल्यांदाच मिळाली आहे.

आजार तुम्ही ओळखलात, हे खरं. ते मी कधी नाकारलं नाही. पण त्याच्या आधीची दोन वर्षं तुमच्या गोष्टीत कधी आलीच नाहीत, आणि ती गोष्ट तुम्ही मरेपर्यंत सांगत राहिलात.

ठाण्याच्या कॉलेजात मी बीएस्सीला होते आणि तुम्ही नवेकोरे डेमॉन्स्ट्रेटर. गोणपाटातून बेडूक यायचे, मुली किंचाळायच्या, आणि तुम्ही सोललेल्या तंगडीवर मीठ टाकून ती थरथरताना दाखवायचात. सगळ्या मागे सरकल्या, मी पुढे आले. बाळकुमची आगऱ्याची पोर मी, आजा मिठागरावर राबलेला. म्हटलं, "सर, आमच्याकडे निवट्यांना मीठ चोळलं की कापलेल्यासुद्धा टोपात उड्या मारतात." निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले उड्या मारणारे मासे, हे तुम्हाला समजावून सांगावं लागलं, कारण तुमच्या घरात मासा हा शब्दही हळू आवाजात बोलत. तुम्ही माझ्याकडे असे बघत राहिलात की मी तिथेच हरले. पुढच्याच बॅचला तुम्ही सांगितलंत, "खाडीकाठी निवट्यांना मीठ लावताना मी पाहिलंय." मी दारात उभी होते. मला तेव्हा राग नाही आला. आपली गोष्ट सरांच्या तोंडी गेली म्हणून मी हरखले. मूर्ख होते.

त्या मिठावरूनच तुम्ही चेतापेशी शिकवायचात. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पेशी सारखी खपून हा फरक राखते, म्हणून बाहेरच्या मानानं आतला भार जरासा ऋण असतो. पुरेसा धक्का बसला की तिथल्या पडद्यातली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागेचा भार उलटतो. त्यानं शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं आणि जागा पुन्हा पूर्वीसारखी होते. असा तो विजेचा संदेश पळत जातो. "आणि लक्षात ठेवा," तुम्ही बोट उगारायचात, "एक तर पूर्ण, नाही तर नाहीच. नर्व्ह कधी अर्धवट बोलत नाही."

तुम्हीही तसेच होतात. घरच्यांचा विरोध मोडून लग्न केलंत ते पूर्ण. सुमनवन्संनी, तुमच्या बहिणीनं, माझ्या हातचं पाणी नाकारलं तेव्हा वर्षभर त्यांच्या दारी गेला नाहीत, तेही पूर्ण. आणि माझ्यावरचा विश्वास उडाला तेव्हा तोही तसाच उडाला. "असेल बाई काही, बघू या" असं मधलं वाक्य तुमच्याकडे नव्हतंच.

शलाका शाळेत जायला लागली त्या सुमारास मला ते सुरू झालं. आपला टीव्ही अजून रंगीत नव्हता, एवढं आठवतं, कारण संध्याकाळी मला त्यात बातम्या देणाऱ्या दोन दोन बाया दिसायच्या आणि तुम्ही म्हणायचात, "बरंय की, टीव्हीच्या एका लायसन्सात दोन." पोळी चावता चावता जबडा थकायचा. केस विंचरायला वर केलेला हात खाली यायचा. शलाकाला गोष्ट सांगायला लागले की सुरुवातीला आवाज ठणठणीत, राजपुत्र घोड्यावर बसेपर्यंत गेंगाणा. आणि रात्री झोपले की सकाळी सगळं जागच्या जागी. सकाळी मी धुणं धुवायची, पाणी भरायची, पोळ्या लाटायची. संध्याकाळी तुमचे क्लास सुटायचे, तुम्ही घरी यायचात आणि मी आडवी.

तुम्ही शास्त्राचे माणूस. दिसलं त्यावरून अनुमान काढलंत. "सकाळी तू धडधाकट असतेस. मी घरात पाऊल टाकलं की आजारी. म्हणजे आजार कोण आहे, मी?"

तुम्हाला वेळ सकाळचाच, म्हणून डॉक्टरकडेही सकाळीच नेलंत. दर वेळी. त्यांनी हात दाबून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, सगळं ठीक. टॉनिक लिहून दिलं आणि तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "लक्ष द्या जरा त्यांच्याकडे. बायकांना लक्ष हवं असतं." तुम्ही हे मला रिक्षात हसत हसत सांगितलंत. त्या दिवसापासून माझ्या दुखण्याला घरात नाव पडलं: नाटक. "आज नाटकाचा प्रयोग आहे की सुट्टी?" पाहुण्यांसमोर माझा गेंगाणा आवाज काढून दाखवायचात. हुबेहूब काढायचात हो. शलाकासुद्धा खुदकन हसायची, लहान होती.

वन्संच्या मुलीच्या लग्नातला फोटो तुम्हाला आठवत असेल. संध्याकाळचं रिसेप्शन. मी मनापासून हसत होते, पण ओठांचे कोपरे वर जाईनात, नुसते दात दिसले. फोटोत मी नवरीकडे बघून वेडावतेय असं दिसतं. वन्संनी तो फोटो अल्बममध्ये लावला नाही, पर्समध्ये ठेवला, येईल त्याला दाखवायला. तुम्ही त्यांना म्हणालात, "ताई, सोड ना. हिचं हल्ली असंच चाललंय." मी हसत होते, एवढं एक वाक्य मला मोठ्यानं म्हणायचं होतं. तेव्हाही आवाज संपलेला होता.

माझ्या बाजूनं फक्त माझी आय बोलली. बाळकुमहून आली होती, संध्याकाळपर्यंत राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. तुम्ही आलात, तर उठून उभी राहिली. जावयासमोर ती कधी मान वर करायची नाही. म्हणाली, "मास्तर, पोरीचा डोला आपसूक मिटतंय. नाटकात कोन डोला असा मिटतं?" तुम्ही चप्पल काढत होतात. म्हणालात, "सासूबाई, तुम्ही लाडावून ठेवलंय तिला." आय जेवायला थांबली नाही.

आणि मग तो प्रसिद्ध तास.

सिनॅप्स तुम्ही आपल्या खाडीवरून शिकवायचात. रेतीबंदरला रस्ता संपतो. कितीही जोरात आलेला माणूस असो, त्याला उतरावंच लागतं. पलीकडे जायला होडी. तशी एक चेतापेशी संपते आणि पुढे बारीकशी फट असते. विजेला ती ओलांडता येत नाही. मग पेशीच्या टोकाला असलेल्या इवल्या पिशव्या फुटून रसायन बाहेर पडतं, ते फट ओलांडतं, पलीकडच्या धक्क्याला लागतं आणि तिथे पुन्हा वीज सुरू होते. स्नायूला हुकूम पोचतो तोही असाच. काम झालं की एक विकर त्या रसायनाचा फडशा पाडतं, नाही तर स्नायू आखडूनच राहील. त्या दिवशी तुम्ही बाणांना लावायचं विष शिकवत होतात. ते विष पलीकडचे धक्केच अडवून बसतं. होड्या येतात, पण लागायला जागा नाही. शिकार जिवंत, शुद्धीत, आणि हलता येत नाही. पापण्या आधी पडतात, असं तुम्ही म्हणालात आणि तास अर्धवट टाकून निघालात.

घरी आलात तेव्हा दुपार कलली होती. शर्टाला खडू लागलेला. माझी हनुवटी धरून तुम्ही मला वर बघायला लावलंत आणि माझ्या पापण्यांकडे बघत राहिलात. त्या हळूहळू खाली आल्या. तुमचा चेहरा उजळला. हो, उजळला. म्हणालात, "ओळखलं मी."

पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मला एक इंजेक्शन दिलं आणि मिनिटाभरात माझे डोळे टक्क उघडले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. माझ्याच शरीरातली संरक्षक द्रव्यं माझ्याच स्नायूंवरचे धक्के फोडतात. सुरुवातीला भरपूर होड्या येतात म्हणून निभतं. तेच काम पुन्हा पुन्हा केलं की होड्या कमी पडतात आणि हुकूम पोचत नाही. म्हणून विश्रांतीनंतर बरं, वापरल्यावर वाईट. गोळी त्या फडशा पाडणाऱ्या विकराला आवरते, रसायन जास्त वेळ टिकतं, उरलेल्या धक्क्यांवर काम भागतं. "दोन वर्षं कशी अंगावर काढलीत?" बाईंनी मला विचारलं. उत्तर तुम्ही दिलंत: "मी क्लासमध्ये सिनॅप्स शिकवत होतो मॅडम, आणि एकदम ट्यूब पेटली." बाई कौतुकानं तुमच्याकडे वळल्या. मला विचारलेला प्रश्न तिथेच पडून राहिला.

त्या दिवशी परत येताना मी वाट पाहिली. घरी आल्यावर पाहिली. मला फार मोठं काही नको होतं. "नाटक म्हणालो, माझं चुकलं." एवढंच. तुम्ही आल्याचा चहा केलात, बशीत ओतून दिलात, पायावर पांघरूण घातलंत. चुकलं म्हणाला नाहीत.

त्याऐवजी मला क्लासमध्ये नेऊ लागलात. दर वर्षी सिनॅप्सचा तास आला की मला नवी साडी. "दुपारची गोळी आज घेऊ नकोस हं, परिणाम नीट दिसला पाहिजे." मी न घेता यायची. फळ्यापुढे स्टुलावर बसायची. "वर बघ." साठ पोरं माझ्या पापण्यांकडे टक लावून बसलेली. पापण्या पडल्या की मग आकडे म्हणायला लावायचात, आवाज फाटेपर्यंत. मग सगळ्यांदेखत गोळी, आणि तास संपता संपता डोळे उघडले की टाळ्या. एकदा पाणी नाकावाटे परत आलं, नव्या साडीवर. पुढच्या बाकावरची मुलगी उठून रुमाल द्यायला आली तर तुम्ही तिला हातानं थांबवलंत. "थांब. घशाचे स्नायू. सगळ्यांनी बघून घ्या."

का जात होते मी? शलाकानं मोठी झाल्यावर विचारलं होतं, रागानं. तिला सांगितलं, पोरांचा फायदा होतो. खरं कारण तुम्हाला सांगते. वर्षातून त्या एकाच तासाला तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे तेवढा वेळ बघत होतात.

आणि तरी, अहो, तुमच्याइतकं माझं कुणी केलं नाही. डोंबिवलीत गोळ्या मिळेनात तेव्हा मुंबईत दुकानं पालथी घातलीत. माझ्यासाठी भात मऊ शिजवून, घोटून, चाळणीतून काढायला शिकलात. लग्नाच्या पंगतीत माझी हनुवटी स्वतःच्या हातानं धरून बसायचात, म्हणजे मला चावता यावं. लोक हसायचे, तुम्ही ढिम्म. या आजारापायी माझी छातीतली ग्रंथी काढायचं ऑपरेशन झालं तेव्हा इस्पितळातल्या बाकावर बसून राहिलात, आंघोळीलाही घरी गेला नाहीत. एवढं करणाऱ्या माणसाला दोन शब्द का जड गेले, हे मला आजही कळत नाही. मी वर्षातून एकदा तरी विषय काढायची. "मला नाटकी म्हणत होतात." तुमचं उत्तर ठरलेलं: "आणि ओळखलं कोणी?" मग मी भांडत जायची, तुम्ही घड्याळाकडे बघत गप्प बसायचात. माझा आवाज किती मिनिटांत संपतो हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. प्रत्येक भांडण तुम्ही नुसते थांबून जिंकलंत.

गेल्या दिवाळीनंतर तुम्हाला झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, तिथल्या पेशीच मेल्या, आता होडी नाही, धक्का नाही, काहीच नाही. हे होडीचं मी घातलं, ते तसं म्हणाले नाहीत. एक शब्द मात्र उरला. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांना कधी कधी एखादाच शब्द उरतो, सवयीचा, आणि ते सगळ्याला तोच म्हणतात. तुम्हाला उरला तो शब्द "बरोबर."

मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. हसू तोंडावर येत नाही माझ्या, पण पोटातून हसले. उभ्या आयुष्यात चुकलं न म्हणालेल्या माणसाला देवानं शब्द ठेवला तोही हाच.

चहा हवा? बरोबर. नको? बरोबर. दुखतंय का? बरोबर. शलाका तुमचीच लेक, तिनं रीत बसवली. प्रत्येक गोष्ट उलटसुलट दोन्हीकडून विचारायची आणि तुमच्या डाव्या भुवईवरून काय ते ठरवायचं. आम्ही तसंच निभावलं. मी तुम्हाला भरवायची, माझा हात थकला की चमचा हवेत थांबायचा आणि तुम्ही आ वासून बसायचात. मी हात मुद्दाम उशिरा पुढे केला असेल का? केला असेल एखादवेळी. तुम्हीही मला गोळीवाचून बसवत होतात.

सुमनवन्सं भेटायला आल्या. तुमच्या उशाशी बसून विचारलं, "ही नीट बघत नाही ना रे तुझ्याकडे? छळते ना?" तुम्ही म्हणालात, "बरोबर." वन्संनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या त्या नजरेसाठी मी तुम्हा दोघा भावंडांना कधी माफ करणार नाही. शलाका म्हणाली, "आत्या, आता विचार, छळत नाही ना?" वन्सं म्हणाल्या, "मला काय विचारायचं ते मी विचारलं," आणि पर्स उचलून गेल्या. पर्समध्ये तो फोटो अजून असेल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी घेतली, ती लागू पडेपर्यंत थांबले, आणि तुमच्यासमोर खुर्ची ओढून बसले. शलाका तुमची चादर बदलत होती. माझा आवाज स्वच्छ होता. मी म्हणाले, "दोन वर्षं मला नाटकी म्हणालात. तुमचं चुकलं ना?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. डोळ्यांकडे नाही, पापण्यांकडे. बराच वेळ.

"बरोबर," तुम्ही म्हणालात.

भुवई हलली की नाही, मी पाहिलं नाही. मी मुद्दाम तुमच्या तोंडाकडे बघत होते. शलाका सवयीनं पुढे वाकली, "बाबा, तुमचं चुकलं नाही..." आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आई, उलटं विचारल्याशिवाय काही कळत नाही," ती हात काढून म्हणाली.

"कळतं मला."

"अगं, आत्यानं काल हेच केलं."

"हो," मी म्हणाले, "जा, गॅसवर दूध आहे."

ती गेली. तुम्ही माझ्याकडे बघतच होतात, ओठ पुन्हा हलायला लागले होते. मी उठून खिडकी उघडायला गेले. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात, आणि उलटा प्रश्न कुणी विचारला नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग अपुरा वाटेल. वाटू दे.